आकडेबहाद्दर

गावात रात्री महावितरणच्या तारेवर आकडा टाकणाऱ्याला निदान थोडे कष्ट तरी पडतात. बांबू शोधावा लागतो, तारेचं टोक वाकवावं लागतं, वायरमन कुठल्या वाराला फिरकतो याची माहिती ठेवावी लागते, आणि पावसाळ्यात तर जीव मुठीत धरून हे सगळं करावं लागतं. एवढं करून सापडलाच, तर २००३ च्या वीज कायद्यातलं कलम १३५ त्याची वाट बघत असतं. इंटरनेटवर दुसऱ्याच्या दुकानातला फोटो आपल्या दुकानात झळकवणाऱ्याला यातलं काही म्हणजे काही करावं लागत नाही. तो पंख्याखाली बसतो, फोटोवर उजवी टिचकी मारतो, फोटोचा पत्ता उचलतो आणि आपल्या पानावर नेऊन डकवतो. फोटो आमच्याच सर्व्हरवर राहतो आणि दिसतो त्याच्या दुकानात. गिऱ्हाईक त्याचं, गल्ला त्याचा, आणि तो फोटो प्रत्येक गिऱ्हाइकाच्या मोबाइलपर्यंत वाहून न्यायची हमाली आमची. या उद्योगाला हॉटलिंकिंग म्हणतात. असं करणाऱ्याला आमच्या घरात आकडेबहाद्दर म्हणतात.

आम्ही कोल्हापुरी चपला ऑनलाइन विकतो. आम्ही म्हणजे हिशेबाला मी, वेबसाइटला भाचा, फोटोला मेहुणा, आणि ज्यांच्यामुळं हे सगळं चालतं ते चपला करणारे आण्णा. आण्णांनी वेबसाइट अजून पाहिलेली नाही आणि पाहण्याची इच्छाही व्यक्त केलेली नाही. मेहुण्याचा फोटोंवर फार जीव. कापशी चप्पल त्यानं रंकाळ्याच्या काठावर मावळतीच्या उन्हात टिपली, पुकरी पन्हाळ्याच्या तटावर नेली, बक्कलनालीला तर धुक्यात उभी केली. चप्पल पायात कशी दिसते हे कळावं म्हणून बऱ्याच फोटोंत पायही आहे. पाय त्याचाच. घोट्याच्या वर लहानपणी घातलेल्या बिब्ब्याचा डाग आहे, तो मेहुणा फोटोतून काढू देत नाही, "ओरिजिनल आहे हे कळतं" म्हणतो. प्रत्येक फोटो तीन एमबीचा, कारण त्याहून लहान केला तर शिवणीचा टाका दिसत नाही असं त्याचं म्हणणं.

मग एके दिवशी ज्यांच्याकडं आमची साइट ठेवलेली आहे त्या कंपनीचं पत्र आलं. तुमचा महिन्याचा डेटा संपला, पुढचे पैसे भरा. आम्ही 'अनलिमिटेड' योजना घेतली होती. अनलिमिटेडच्या डोक्यावर एक बारीक चांदणी होती आणि ती चांदणी पानाच्या तळाशी जाऊन वेगळंच बोलत होती. पण खरं सांगतो, ते पत्र वाचून मला आनंद झाला. एवढा डेटा संपला म्हणजे एवढी माणसं आली! त्या आनंदात मी गल्ला पाहिला. आठवड्याची विक्री दोन-चार जोड. महाराष्ट्रातली निम्मी जनता येऊन चपला बघून, नाक मुरडून परत गेली की काय, असं वाटायला लागलं.

भाच्यानं सर्व्हरची नोंदवही उघडली. कोण, कधी, कुठून आलं, काय मागून गेलं हे त्यात ओळीनं लिहिलेलं असतं. ती वाचून तो म्हणाला, "मामा, विषय हार्ड आहे. दुकानात कोण आलेलंच नाही. नुसते फोटो बाहेर चाललेत."

"म्हणजे चोरी?"

"चोरी कशी म्हणणार? फोटो आपल्याकडंच आहे. त्यानं उचलून नेला असता तर बरं झालं असतं, स्वतःच्या सर्व्हरवर ठेवला असता, बिल त्याला आलं असतं. त्यानं नुसता आपला पत्ता लिहून ठेवलाय. गिऱ्हाइकाचा ब्राउजर त्या पत्त्यावर येतो, फोटो मागतो, आपण देतो."

"आपण का देतो?"

"आपण दुकान उघडलंय, मामा."

हिशेब माझा असल्यामुळं मी हिशेब मांडला. तीन एमबीचा एक फोटो दहा हजार जणांनी पाहिला की तीस जीबी. आणि पाहणाऱ्या त्या दहा हजारांपैकी एकालाही तो फोटो आमचा आहे हे माहीत नाही. त्यातल्या कोणाला चप्पल आवडली तर तो आम्हाला विचारणार नाही, आणि आवडली नाही तर आम्हाला शिव्याही देणार नाही. एवढं निर्मळ नुकसान मी कुठल्या धंद्यात पाहिलेलं नाही.

आकडेबहाद्दरांची यादी मात्र वाचण्यासारखी होती. पहिला मान एका 'जेन्युइन लेदर एथनिक स्लीपर' विकणाऱ्या दुकानाचा. त्यानं आमचे झाडून सगळे फोटो लावले होते आणि किंमत आमच्या निम्मी. निम्म्या किमतीत ते काय पाठवत असतील याचा अंदाज आण्णांनी फोटो न बघताच केला, तो इथं छापता येणार नाही. दुसरं एक परदेशी पान होतं, त्यावर आमची कुरुंदवाडी चप्पल 'प्राचीन रोमन सैनिकांची पादत्राणे' म्हणून विराजमान. रोमन सैनिकाच्या घोट्यावर बिब्ब्याचा डाग स्पष्ट दिसत होता. एक नुसतं वॉलपेपरचं संकेतस्थळ होतं; कोल्हापुरी चपलेचा वॉलपेपर कोण लावतं हे अजून कळलेलं नाही, पण लावत असतील तर त्यांना आमचा मुजरा. मेहुण्याला या यादीचं दुःख होण्याऐवजी अभिमानच वाटला. "माझा पाय ऑल इंडिया गेला" असं तो तालमीत सांगत सुटला.

पण सगळ्यात जास्त डेटा प्यायला होता तो एका राशिभविष्याच्या पानानं. लेखाचा विषय होता, 'शनिवारी देवळाबाहेरून चप्पल चोरीला गेली तर ते शुभ का?' साडेसाती चपलेबरोबर निघून जाते, चोर ती घेऊन जातो, आपण हलके होतो, अशी ती समजूत आपल्याकडं जुनीच आहे. लेखाच्या डोक्यावर आमची कापशी. म्हणजे चप्पल चोरणं कसं पुण्याचं काम आहे हे सांगणाऱ्या लेखावर चपलेचा फोटो आकडा टाकून घेतलेला! शनिवार आला की आमचा डेटा चढायचा आणि रविवारी उतरायचा. आमच्या दुकानाला खुद्द शनीची साडेसाती लागल्याचा असा आकडेवारीनिशी पुरावा दुसऱ्या कोणाकडं असेल असं वाटत नाही.

या सगळ्याचं मूळ शोधायला गेलं तर ते फेब्रुवारी १९९३ मध्ये सापडतं. अमेरिकेत इलिनॉय विद्यापीठात मोझॅक नावाचा ब्राउजर तयार होत होता. तो करणाऱ्यांपैकी मार्क अँड्रीसन या एकवीस वर्षांच्या पोरानं सुचवलं, की पानात चित्र दाखवायला एक साधी खूण असावी आणि त्या खुणेत चित्र कुठून आणायचं तो पत्ता लिहावा. जाणत्या मंडळींनी इतर मार्ग सुचवले, चर्चा झाली, पण पोरानं चर्चा संपायची वाट बघितली नाही. मोझॅक त्या खुणेसकट बाहेर पडला आणि जगभर पसरला. पत्ता स्वतःच्याच घरचा असला पाहिजे अशी अट त्या खुणेत नव्हती, आजही नाही. यात त्या बिचाऱ्याची चूक काढणं बरोबर नाही. कोणीही कोणाकडंही बोट दाखवू शकतं म्हणून तर हे जाळं वाढलं. चपला विकणाऱ्यांचा विचार १९९३ मध्ये कोणी केला असता अशी अपेक्षा मी ठेवत नाही.

आणि आकडा फक्त आमच्यासारख्या गरिबाच्या तारेवर पडतो असंही नाही. विकिपीडियाचे फोटो ज्या विकिमीडिया कॉमन्सवर ठेवलेले असतात, तिथल्या तंत्रज्ञांच्या २०२१ च्या सुरुवातीला लक्षात आलं, की एका जांभळ्या अ‍ॅस्टरच्या फुलाचा फोटो दिवसाला सुमारे नऊ कोटी वेळा मागितला जातोय. त्यांच्या एका डेटा सेंटरमधल्या चित्रांच्या एकूण मागणीतला पाचवा हिस्सा हे एक फूल खात होतं. मागणी सगळी भारतातून. लोक सकाळी उठले की वाढायची, रात्री झोपले की कमी व्हायची. भारताला अचानक अ‍ॅस्टरचं एवढं वेड का लागलं, यावर तिकडं डोकी खाजवली गेली. शेवटी उलगडा असा झाला, की आपल्याकडच्या एका मोबाइल अ‍ॅपमध्ये त्या फुलाचा पत्ता घातलेला होता. अ‍ॅप उघडलं की फूल उतरवून घ्यायचं. आणि ते उतरवलेलं फूल वापरणाऱ्याला दाखवायचंच नाही! रोज नऊ कोटी फुलं, आणि वास सोडा, पाहायलाही कोणी नाही. त्या अ‍ॅपचं नाव विकिमीडियावाल्यांनी जाहीर केलं नाही, हा त्यांचा मोठेपणा. आमच्या मेहुण्यानं फ्लेक्स लावला असता.

तर उपाय. पहिला उपाय सभ्य माणसाचा : पत्र लिहिणं. एथनिक स्लीपरवाल्यांना मी पत्र लिहिलं. आपण आमचे फोटो वापरत आहात, याचा भार आमच्यावर पडतो, कृपया काढावेत. लगेच उत्तर आलं, 'आपली ऑर्डर आमच्यासाठी महत्त्वाची आहे.' ते यंत्राचं होतं. मग चार दिवसांनी माणसाचं आलं. त्यात माफी नव्हती, पण कौतुक होतं. फोटोंचा दर्जा त्यांना फार आवडला होता. पाय नसलेले फोटो पाठवता येतील का, अशी नम्र विचारणा होती.

दुसरा उपाय वकिलाचा. आमचे वकील दिवाणी आहेत, शेताचे बांध हा त्यांचा प्रांत. पण त्यांनी मनावर घेतलं आणि दोन दिवस वाचून जे सांगितलं ते ऐकून मला बांधावरचे खटले सोपे वाटायला लागले. या विषयावरचा अमेरिकेतला गाजलेला निकाल २००७ चा आहे आणि तो लागला 'परफेक्ट १०' नावाच्या, वस्त्रं कमी वापरणाऱ्या बायकांचे फोटो छापणाऱ्या कंपनीच्या दाव्यात. त्यांचा राग गुगलवर आणि अ‍ॅमेझॉनवर. कोर्टानं विचारलं, मूळ आकाराचं चित्र ठेवलंय कोणाच्या सर्व्हरवर? दुसऱ्याच्या. मग गुगल फक्त पत्ता सांगतं, चित्र दाखवतो तो ज्याच्याकडं ते आहे. हा न्याय आमच्या कापशीला लावला, तर आकडेबहाद्दराच्या दुकानात आमची चप्पल दाखवणारे आम्हीच ठरतो. तिथल्याच दुसऱ्या कोर्टांनी पुढं हे म्हणणं अमान्यही केलंय, त्यामुळं निकाल काय लागेल ते आपण कुठल्या गावात दावा लावतो त्यावर. युरोपच्या सर्वोच्च न्यायपीठानं मार्च २०२१ मध्ये जरा आपल्या कामाचं सांगितलं : फोटोच्या मालकानं आकडा पडू नये म्हणून तांत्रिक बंदोबस्त केलेला असेल आणि तो चुकवून कोणी फोटो दाखवला, तर त्याला परवानगी लागते. आपल्याकडं १९५७ चा कॉपीराइट कायदा आहे. २०१२ च्या दुरुस्तीनंतर असं आहे, की हक्कभंगाचा मजकूर नुसता वाहून नेणाऱ्या मध्यस्थाला मालकानं लेखी तक्रार दिली की त्यानं नियमाप्रमाणं ३६ तासांत तो बंद करायचा. मात्र २१ दिवसांत कोर्टाचा आदेश आणून दाखवता आला नाही तर तो पुन्हा खुला करायला मध्यस्थ मोकळा. "एकवीस दिवसांत आदेश," वकीलसाहेब म्हणाले, आणि बराच वेळ हसत राहिले. त्यांच्या कपाटात त्यांच्या वडिलांनी लावलेले दावे अजून आहेत.

जाता जाता, नक्कल आणि आकडा यांत फरक आहे. जून २०२५ मध्ये प्राडा या फॅशन कंपनीनं मिलानच्या फॅशन शोमध्ये थेट कोल्हापुरी वळणाच्या चपला चालवल्या आणि कोल्हापूरचं नाव घेतलं नाही, तेव्हा आमच्या चप्पल लाईनीत काय वातावरण होतं ते विचारू नका. २०१९ पासून कोल्हापुरी चपलेला जीआय मानांकन आहे. बोंब झाल्यावर प्राडानं मूळ भारतातलं असल्याचं कबूल केलं. राग मलाही आला. पण एक सांगतो, प्राडानं निदान फोटो स्वतः काढले, पाय स्वतःचे वापरले आणि डेटाचं बिल आम्हाला पाठवलं नाही.

तिसरा उपाय कुलपाचा. ब्राउजर जेव्हा फोटो मागायला येतो तेव्हा 'मी अमुक पानावरून आलोय' अशी एक चिठ्ठी बरोबर आणतो. तिला रेफरर म्हणतात. १९९६ च्या मूळ दस्तऐवजात त्या शब्दाचं इंग्रजी स्पेलिंग एका अक्षरानं चुकलं ते आजतागायत तसंच चाललंय. आमच्या सातबाऱ्यावर आजोबांचं नावही तसंच आहे, त्यामुळं मला विशेष काही वाटलं नाही. सर्व्हरवरच्या एका फाइलमध्ये चार ओळी लिहायच्या : चिठ्ठी आपल्या दुकानाची असेल तर फोटो द्या, नसेल तर हाकलून लावा. भाच्यानं त्या रात्रीत लिहिल्या. आणि जोशात एक पाचवीही लिहिली : चिठ्ठीच नसेल, तरीही हाकला.

सकाळपासून फोन. व्हॉट्सअ‍ॅपवर आमच्या चपलेची लिंक पाठवली की फोटोच्या जागी पांढरा चौकोन, कारण व्हॉट्सअ‍ॅप चिठ्ठीशिवाय येतं. ऑर्डर दिल्यावर गिऱ्हाइकाला जी ईमेल जाते तिच्यातून चप्पल गायब, कारण जीमेल चित्रं स्वतःच्या सर्व्हरमार्फत मागवतं आणि तेही चिठ्ठी आणत नाही. गुगलवर चपला शोधणाऱ्यांना आमच्या चपला दिसेनात. न्यू जर्सीहून एका जुन्या गिऱ्हाइकानं कळवळून विचारलं, "दुकान बंद केलंत का हो?" आणि पत्त्याच्या सुरुवातीला तीन डब्ल्यू न लिहिता जे आमच्या दुकानात यायचे, त्यांना आमच्याच दुकानात आमचाच एकही फोटो दिसत नव्हता. आम्ही बाहेरच्यांवर कुलूप लावलं आणि घरचे बाहेर राहिले. भाचा मात्र ठाम. "माझ्याकडं तर दिसतंय, मामा." कॉम्प्युटरवाल्यांचं हे वाक्य तुम्ही ऐकलं असेलच. त्याच्याकडं दिसत होतं कारण त्याच्या ब्राउजरनं फोटो आदल्या दिवशीच उतरवून आपल्याजवळ साठवून ठेवले होते. याच कारणानं आकडेबहाद्दरांच्या पानावरही त्याला फोटो दिसतच होते. म्हणजे कुलूप कुठं लागलंय आणि कुठं नाही, हे नेमकं कुलूप लावणाऱ्यालाच कळत नव्हतं.

पाचवी ओळ काढली. आता चिठ्ठी नसलेल्याला फोटो मिळतो. पण मग हुशार आकडेबहाद्दर आपल्या पानावर एक ओळ लिहितो, 'जाताना चिठ्ठी नेऊ नका', आणि ब्राउजर मुकाट्यानं चिठ्ठीशिवाय येऊन फोटो घेऊन जातो. मग कुलपाचा उपयोग काय? माझं मत असं, की उपयोग आहे. ज्याला ती एक ओळ लिहिता येते त्याला स्वतःचे फोटो काढताही येतात. आकडा टाकणारे बहुतेक जण आळशी असतात, हुशार नव्हे. साधं कुलूप आळशी माणसासाठी पुरतं. क्लाउडफ्लेअरसारख्या सेवेत तर हे कुलूप एक बटण दाबलं की लागतं. ज्या फोटोंवर आकडा पडला तरी चालेल ते त्यांच्या म्हणण्याप्रमाणं 'हॉटलिंक-ओके' नावाच्या फोल्डरमध्ये ठेवायचे. मेहुण्यानं त्या फोल्डरमध्ये स्वतःचा पाय असलेले सगळे फोटो हलवायची मागणी केली. ती फेटाळण्यात आली.

चौथा उपाय मजेचा. फोटो आमच्याच सर्व्हरवर असतो ना? मग त्या पत्त्यावर कुठला फोटो ठेवायचा हेही आमच्याच हातात. या कलेचा मानाचा प्रसंग २००७ चा. अमेरिकेच्या राष्ट्राध्यक्षपदाच्या शर्यतीत उतरलेल्या जॉन मॅकेन यांच्या मायस्पेस या समाजमाध्यमावरच्या पानावर माइक डेव्हिडसन नावाच्या डिझायनरनं केलेला साचा वापरला होता. त्याचं नाव गाळलं होतं आणि चित्र मात्र त्याच्याच सर्व्हरवरून येत होतं. त्यानं शांतपणे चित्र बदललं. मॅकेनसाहेबांच्या पानावर जाहीर झालं, की आपण आपली भूमिका बदलली असून समलिंगी विवाहांना आपला पूर्ण पाठिंबा आहे. पुढं 'द ओटमील' या व्यंगचित्रांच्या संकेतस्थळाच्या मॅथ्यू इनमननं हफिंग्टन पोस्टच्या पानावर, त्यांनी आकडा टाकलेल्या आपल्याच व्यंगचित्राच्या जागी, आपल्या सर्व्हरचं बिल छापून आणलं. इतक्या थोर परंपरेत आपलंही नाव लागावं असं वाटणं साहजिक आहे.

काय लावायचं यावर घरात बैठक बसली. मेहुण्यानं सुचवलं, उगारलेल्या चपलेचा फोटो. त्यात कल्पकता नव्हती, पण भावना होती. काही लोक अशा वेळी भलतीसलती चित्रं लावतात, ते मात्र करू नये. पान कोणाच्या लेकराच्या समोर उघडेल ते सांगता येत नाही, आणि पत्ता आपलाच असल्यामुळं ते चित्र आपल्याच नावावर जमा होतं. शेवटी स्लीपरवाल्यांसाठी मजकूर ठरला : 'हे पायताण ह्या दुकानात मिळत नाही. ते कोल्हापुरातलं आहे.' खाली आमचा नंबर. आणि भविष्यवाल्यांसाठी खास : 'ही चप्पल याच पानावर चोरीला आलेली आहे. आज शनिवार असल्यास अभिनंदन.' खाली तोच नंबर.

स्लीपरवाल्यांनी दोन दिवसांत आमचे सगळे फोटो काढले आणि दुसऱ्याच कोणाचे तरी लावले. त्या दुसऱ्याला आम्ही ओळखत नाही, पण त्याच्याबद्दल मनात ओलावा आहे. भविष्यवाल्यांच्या मात्र काही लक्षातच आलं नाही. आपलं पान तेच कधी बघत नसावेत. शनिवार उजाडला आणि फोन खणखणू लागला. हे काय मी योजलेलं नव्हतं. लोकांना वाटलं, हाच तो उपायवाला नंबर. "कुठल्या देवळाबाहेर सोडायची?" "दोन्ही सोडायच्या का एक?" "चोरीला गेली नाही तर परत आणायची का तिथंच ठेवायची?" एका बाईंनी विचारलं, "मुलाची साडेसाती आहे, पण चप्पल नवऱ्याची चालेल का?" मी हिशेबाचा माणूस, मला काय बोलावं सुचेना. मेहुण्यानं फोन घेतला आणि सल्ला दिला, "ताई, जुनी सोडून काय होत नाही. नवी पाहिजे." त्या शनिवारी विक्री झाली, नाही असं नाही. पण आलेला प्रत्येक जण विचारायचा, "चोरीलाच जायची आहे हो, जरा स्वस्तातली दाखवा." हे आण्णांच्या कानावर गेल्यावर त्यांनी त्या आठवड्याचा माल द्यायलाच नकार दिला. त्यांची चप्पल वर्षानुवर्षं टिकावी म्हणून केलेली असते, शनीला वाहायला नव्हे. भविष्यवाल्या पानावर मग नुसता कोरा, एक केबीचा चौकोन लावला.

फोटोवरच दुकानाचं नाव ठळक छापायचा उपायही करून पाहिला. गिऱ्हाइकांनी विचारलं, हे नाव चामड्यावर उमटवलेलं असतं का, आणि नको असेल तर कमी किमतीत मिळेल का. तोही बंद.

शेवटी जे कामी आलं ते अगदी बेचव निघालं. भाच्यानं मेहुण्याचा विरोध मोडून सगळे फोटो लहान केले. तीन एमबीचा फोटो दीडशे केबीवर आणला. शिवणीचा टाका दिसतो, बिब्बाही दिसतो. तीस जीबीच्या जागी दीड. त्यावर साधं कुलूप, चिठ्ठी नसलेल्यांना मुभा, तीन डब्ल्यू असो नसो आपलं दुकान उघडं, व्हॉट्सअ‍ॅप आणि गुगलला वाट मोकळी. बिल खाली आलं. आकडे अजून पडतात, पण त्या तारेत आता फारशी वीज नाही. गंमत म्हणजे आमचं स्वतःचं दुकानही आता पटकन उघडतं, आणि खेड्यातल्या रेंजवर जे गिऱ्हाईक पूर्वी फोटो यायची वाट बघून निघून जायचं ते आता थांबतं. म्हणजे एवढे दिवस आकडेबहाद्दरांपेक्षा जास्त गिऱ्हाइकं मेहुण्याच्या टाक्यानं घालवली होती. हे मी त्याला अजून सांगितलेलं नाही. त्याची बहीण हा लेख वाचणार आहे.

आण्णांना मी ही सगळी कथा एकदा नीट समजावून सांगितली. सर्व्हर, चिठ्ठी, कुलूप, अमेरिकेचं कोर्ट. त्यांनी वादी ओढता ओढता ऐकून घेतलं आणि म्हणाले, "फोटो न्हेला नव्हं? पायताण न्हेलं न्हाई नव्हं? मग बोंबलतायसा कशाला?"

बोंबलायला कारण आहे, आणि हे आण्णांसमोर नाही पण इथं म्हणतो. ज्यांना आमच्या चपलेचा फोटो लावावासा वाटतो त्या सर्वांना विनंती : फोन करा, फोटो पाठवतो, पैसे घेणार नाही. तो स्वतःच्या सर्व्हरवर ठेवा आणि खाली कोल्हापूर लिहा. रोमन लिहू नका. पाय नसलेला फोटो मात्र मागू नका, मेहुणा घरातच राहतो. आणि जोड हवा असेल तर पाय कोऱ्या कागदावर ठेवून भोवतीनं पेन्सिल फिरवा आणि त्याचा फोटो पाठवा. शनिवारसाठी स्वस्तातली वेगळी मिळणार नाही.